गुडघ्यांवर आलेला आळ

जग चाकांवर चालतं, असं मोठमोठी माणसं सांगत आली आहेत. साफ खोटं आहे. चाक नुसतं गोल असतं, आणि गोल असणं हा काही पराक्रम नव्हे. बटाटाही जवळजवळ गोलच असतो. चाकाला फिरवते ती चेन. माणसाच्या पायातलं बळ उचलून मागच्या चाकापर्यंत सुखरूप पोचवायचं, डोंगरासारख्या डोंगराला टायरखाली घालायचं आणि तरीही कधी पुढे पुढे करायचं नाही, असं या जगात एकच घराणं आहे. इतिहास आमच्यावर चालला. प्रगती आमच्यावर चालली. उद्या मानवजात जिथे कुठे पोचेल, तिथे ती आमच्याच जिवावर पोचेल.

सध्या माझ्या जिवावर एक कुंडी लटकते आहे.

मित्रांनो, मी एक जुनी चेन आहे. डोंगरात चालवायच्या, जाड टायरांच्या, गिअरच्या सायकलची. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत, छताच्या हुकाला माझं एक टोक अडकवलं आहे आणि दुसऱ्या टोकाला वेलीची कुंडी बांधली आहे. अशा वेळी आत्मवृत्त सांगणाऱ्याने म्हणायचं असतं की, माझ्या कहाणीतून तुम्हाला बोध मिळावा एवढीच माझी इच्छा आहे. पण या वयात खोटं कशाला बोलू? मला सूड घ्यायचा आहे. अर्धा घेऊन झाला आहे, अर्धा बाकी आहे. बोध वाटेत कुठे पडलेला दिसला तर खुशाल उचलून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कडीला कडी जोडत गेले, प्रत्येक जोडात एक पिन घातली, पिनेभोवती एक गुळगुळीत रोलर बसवला, आणि पहिलं रडू फुटायच्या आत मला तेल पाजलं. त्यानंतर माझं लग्न लागलं. सायकलच्या मागच्या चाकाला दातेरी चकत्यांचा एक जुडगा असतो: लहान चकती, तिच्यापेक्षा मोठी, तिच्यापेक्षा मोठी, अशी उतरंड. सरळ रस्त्यावर मी लहान चकतीवर असायचं आणि चढ आला की एकेक पायरी चढत मोठीवर जायचं, असा आमचा संसार. कोणी पसंती विचारली नाही. पण आमचं जमलं. मी आले की दाते मला जागा द्यायचे, मी निघाले की अडवायचे नाहीत. इतकं समंजस सासर मी तरी दुसरं पाहिलं नाही. पाहायची संधीही मिळाली नाही म्हणा.

सायकल घेतली ती भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी. बाईंनी उभ्या आयुष्यात फळ्यावर शेकडो डोंगर काढले होते आणि त्यांच्या उंच्या पोरांकडून घोकून घेतल्या होत्या. एक दिवस वर्गातल्या एका मुलीने विचारलं, बाई, यातल्या कोणत्या डोंगरावर तुम्ही चढलात? बाईंनी तिला खाली बसायला सांगितलं आणि त्याच महिन्यात सायकल घरी आणली.

गावाबाहेर पाण्याच्या टाकीमागे एक टेकडी होती. इतकी किरकोळ की बाईंच्या कुठल्याच नकाशात तिला जागा नव्हती. पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता, माथ्यावर काळा कातळ, आणि मध्ये दगडधोंड्यांची वाट. त्या वाटेवर एका मोठ्या दगडाला वळसा घालणारं वळण होतं, आणि तेवढ्याच जागी तांबडी माती होती. बाईंनी मनाशी ठरवलं होतं की, एकदा तरी पाय न टेकता माथा गाठायचा. कोणी बघत नव्हतं, कोणी हार घेऊन उभं राहणार नव्हतं. दगडाच्या वळणावर हळूच पाय टेकवून पुढे गेल्या असत्या तरी कोणाला कळणार नव्हतं. पण बाईंनी जन्मभर पेपर तपासले होते, स्वतःला वाढीव गुण देणं त्यांना जमेना. पाय टेकला की त्या सायकल वळवायच्या आणि घरी यायच्या.

घरी आल्यावर त्यांचे बूट बाल्कनीत माझ्याशेजारी भिंतीला टेकवून आडवे ठेवलेले असायचे. उजव्याचा तळ स्वच्छ, डाव्याच्या तळाला तांबडी माती. म्हणजे आजही डावा पाय वळणावर टेकला. मला कोणी सांगावं लागत नसे.

पण सुरुवातीच्या महिन्यांत ती माती दर आठवड्याला कमी होत होती. आधी पूर्ण तळ, मग टाच, मग नुसता चवडा. अजून एक-दोन रविवार, असं मी दात्यांना म्हणालेही होते.

आणि इथे माझा वैरी प्रवेश करतो.

बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर होते. मी त्यांना अहो-जाहोच करणार आहे, कारण सूड घ्यायचा झाला तरी संस्कार सुटत नाहीत. डॉक्टरांचा हात हलका होता, स्वभाव प्रेमळ होता आणि बायकोवर त्यांचा फार जीव होता. मित्रांनो, अशा माणसापासून सावध राहा. वाईट माणूस तुमच्या वाटेला जात नाही. प्रेमळ माणूस शनिवारी संध्याकाळी अवजारं घेऊन बसतो.

डॉक्टरांनी स्वतः सायकलवर बसणं कॉलेजनंतर सोडलं होतं. पण उभ्या सायकलीवर त्यांचं विलक्षण प्रेम होतं. बाई चालवणार, मी जपणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. दर शनिवारी बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरली जायची, सायकल उलटी करून सीटवर उभी केली जायची, आणि डॉक्टर हातमोजे, मास्क आणि कपाळावर दिवा अशा थाटात तिच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. शेजारी ट्रेमध्ये दवाखान्यातून बाद झालेल्या आकड्या, सळया, चिमटे. बाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि मागतील ते अवजार हातात द्यायच्या. पहिल्या शनिवारी मला हात लावताना डॉक्टर सवयीने म्हणाले, "जरा दुखेल हं."

दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, मी सावध झाले असते. बसल्या जागी गुदगुल्या व्हाव्यात तसं त्यांनी मला ब्रशने घासलं. इथवर त्यांचं काही चुकलं नाही. पण ब्रशवर त्यांनी लावली होती ती पेस्ट, जिने ते रुग्णांचे दात चकचकीत करतात. ही पेस्ट म्हणजे काय असतं, ठाऊक आहे? दगडाची बारीक पूड. दातावरून ती चूळ भरून थुंकता येते. मला थुंकता येत नाही.

पूड माझ्या रोलरमध्ये गेली, पिनेपाशी जाऊन बसली. वरून डॉक्टरांनी तेल ओतलं. थेंब नव्हे, धार. तेलाला धूळ चिकटली, धुळीत पूड होतीच, आणि माझ्या प्रत्येक कडीत एकेक लहानसं जातं फिरायला लागलं. दर रविवारी बाई पेडल मारायच्या आणि मी आतल्या आत दळली जायचे. पिना झिजल्या. पिन झिजली की कडी केसभर लांबते. केसभराचं काय एवढं, असं वाटेल. पण माझ्या सगळ्या कड्यांनी एकदम केसभर लांबायचं ठरवलं, तेव्हा मी सैल पडले. बाहेरून म्हणाल तर आरसा. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, काय ठेवलीय डॉक्टरांनी सायकल! माझ्या आयुष्यातली सगळी वाहवा मला त्या काळात मिळाली, जेव्हा मी आतून पोखरली जात होते. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी पुढारी झाला, तर हे वाक्य त्याच्या उपयोगी पडेल.

लांबलेली चेन दात्यांवर नीट बसत नाही. सपाटीवर चालून जातं. पण चढावर पायाचा जोर आला की ती दात्यावर चढते आणि पुढच्या दात्यावर आदळते. कट्. पेडल एकदम हलकं होतं, पाय खाली निसटतो, तोल जातो.

दगडाच्या वळणावर बाईंचा पाय टेकला. पुढच्या रविवारी पुन्हा. बुटाखालची माती चवड्यावरून टाचेवर आली, टाचेवरून पूर्ण तळाला लागली.

बाईंनी घरी सांगितलं की चढावर काहीतरी कट् होतं. डॉक्टरांनी त्याच शनिवारी तपासणी केली. मला त्यांनी बघितलंसुद्धा नाही, कारण मी चमकत होते. त्यांनी दिवा धरला मागच्या चकत्यांवर, आणि मास्कच्या आतून एक दीर्घ हुंकार आला. दाते सगळे सारखे नव्हते. मध्येच दोन-तीन आखूड होते. काही एका अंगाला किंचित वळलेले होते. एकाची कड तासल्यासारखी दिसत होती.

मित्रांनो, ते कारखान्याने मुद्दाम तसे केलेले असतात. आखूड दाता ही माझी वाट असते, वळलेला दाता हा मला हात देणारा हात. एका चकतीवरून दुसरीवर मी जाते ती याच पायऱ्यांनी. सगळे दाते एका उंचीचे आणि एका रांगेत असले तर मी जाणार कुठून? पण डॉक्टरांनी आयुष्यभर लोकांच्या पोरांचे दात रांगेत आणले होते. वाकडा दात दिसला की त्यांच्या बोटांना चैन पडत नसे.

"जन्मजात दोष आहे," ते बाईंना म्हणाले. "घाबरू नकोस. करून टाकू सरळ."

लहान पक्कडीने त्यांनी वळलेले दाते सरळ केले. तासायच्या यंत्राने उंच दाते आखूड दात्यांच्या बरोबरीला आणले. ठिणग्या उडत होत्या, आणि माझं सासर एक शब्द न बोलता सहन करत होतं. पोलादाचा हाच दोष, त्याला ओरडता येत नाही. काम संपल्यावर डॉक्टरांनी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी छापून दवाखान्यात लावले. बसायच्या खोलीतले रुग्ण ते बराच वेळ बघायचे आणि हे कोणाचं तोंड म्हणून काळजीत पडायचे.

त्यानंतर गिअर बदलताना मी नुसती कटकटायचे. पायऱ्याच उरल्या नव्हत्या. डॉक्टरांनी गिअरचे स्क्रू डावीकडे पिळले, मग उजवीकडे पिळले, मग सुरुवातीला होते तिथे आणून ठेवले आणि म्हणाले, आता झकास. पुढच्या रविवारी बाई वळणापर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत.

इथपर्यंतचं मी विसरले असते. लोखंड आहे, झिजायचंच. पण त्या संध्याकाळी बाई बाल्कनीत बूट काढत असताना डॉक्टर त्यांच्याजवळ येऊन बसले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता, दात काढायच्या आधी असतो तसा.

"अगं, सायकल मी स्वतः तपासली आहे. ठणठणीत आहे. आता आपलंही वय होतंय ना? गुडघे आहेत, झिजणारच."

बाईंनी बुटाची नाडी सोडता सोडता आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मित्रांनो, झिजले होते मी. लांबले होते मी. कट् माझ्यात होत होतं. आणि सगळा आळ त्या दोन निरपराध गुडघ्यांवर आला. त्या क्षणी, भिंतीला टेकलेल्या सायकलीवर सैल लोंबत असताना, मी शपथ घेतली की या माणसाला सोडायचं नाही.

बाईंनी गुडघ्यांना पट्टे आणले. जिना चढताना कठड्याला धरायला लागल्या. शाळेतले वरच्या मजल्यावरचे तास सोडून त्यांनी खालच्या मजल्यावरचे मागून घेतले. डोंगरांचा धडा आला तेव्हा त्यांनी तो खुर्चीत बसून शिकवला, असं त्यांनीच घरी सांगितलं, हसत हसत. गुडघे एकदाही दुखले नव्हते. पण डॉक्टरांनी सांगितल्यावर माणूस आधी विश्वास ठेवतो आणि मग दुखायला लागतं.

मी सूड घ्यायला सुरुवात केली. आता चेनच्या हाती सूड तो कितीसा? डॉक्टर दवाखान्यात निघताना सायकलजवळून गेले की मी त्यांच्या पांढऱ्या कोटावर काळी रेघ ओढायचे. एका रुग्णाने त्यांना विचारलं म्हणे, डॉक्टर, दाढेला ग्रीस पण भरता का? एकदा मी त्यांचं बोट चकतीत धरलं; त्यानंतर आठवडाभर ते कोणालाही "दुखणार नाही" म्हणायच्या आधी जरा थांबत होते. सगळं काम आटोपून, साबणाने हात धुऊन, कोरडे करून ते परत आले की मी नेमकी उतरायचे. पण ही चिल्लर झाली. खरी अडचण वेगळीच होती. माझा सूड घ्यायची एकच जागा होती, चढ. आणि चढावर माझ्यावर भार टाकायच्या त्या बाई. ज्याने माझं वाटोळं केलं तो कधी सायकलवर बसतच नव्हता. खून करायला निघालेल्या माणसाला रोज तोच दरवाजा उघडून दुसरंच कोणीतरी दिसावं, तशी माझी अवस्था. म्हणून बाईंच्या पायाखाली मी होता होईल तेवढी दात्यांना धरून राहायचे, आणि जमायचं नाही.

शेवटी बाईंनी ठरवलं की सायकल धाकट्या भावाला देऊन टाकायची.

हा भाऊ म्हणजे मोठं प्रकरण होतं. त्याचं प्रत्येक वाक्य "मी एक व्हिडिओ पाहिला" इथून निघायचं आणि परत तिथेच यायचं. सायकल तो बरेच दिवस मागत होता. रविवारी सकाळी तो आला, तेव्हा बाईंनी सायकल स्वतः पुसून, हवा भरून इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आणून ठेवली होती. पुसताना त्या मध्येच थांबत होत्या. हँडलवर त्यांनी हौसेने पितळी घंटी बसवून घेतली होती, ती त्यांनी पदराने दोनदा पुसली.

भावाने सायकलभोवती एक फेरी मारली. "ताई, ही तर कोरी करकरीत दिसते. तूच जुनी झालीस."

बाई हसल्या. डॉक्टरही हसले, आणि ते हसले हे मी लक्षात ठेवलं.

मग भावाने चाक उचलून गिअर बदलून पाहिले. मी कटकटले. मुद्दाम नाही, तेव्हा मला दुसरं काही येतच नव्हतं. तो डोळे मिचकावून म्हणाला, "भाऊजी, ही कवळी काही नीट बसलेली नाही."

दातांच्या डॉक्टरला असं बोलू नये. डॉक्टरांचे कान लाल झाले. आजवर त्यांनी बसवलेली कवळी कोणाच्या जांभईतही हलली नव्हती. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, पँटचा पाय मोज्यात खोचला आणि म्हणाले, "सरक. मी दाखवतो."

तळघरातून फाटकापर्यंत वर जाणारा सिमेंटचा चढ होता. लांब नाही, पण चांगला उभा. वर फाटकापाशी वॉचमन बसला होता, पहिल्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. डॉक्टर बसले. कित्येक वर्षांनी बसले. पहिली दोन पेडलं त्यांनी डुगडुगत मारली, मग त्यांना लय सापडली, मग प्रेक्षक दिसले, आणि चढाच्या मध्यावर ते चक्क सीटवरून उठून उभे राहिले. त्यांचा सगळा भार, त्यात तो अपमान, सगळा माझ्या एका कडीवर.

मित्रांनो, लोक म्हणतील मी त्यांना पाडलं. मी काहीही केलं नाही. बाईंसाठी दर रविवारी जेवढं धरून राहायचे, तेवढं त्या दिवशी धरलं नाही, इतकंच.

कट्.

डॉक्टरांचा उजवा पाय जमिनीच्या दिशेने निघून गेला. उरलेले डॉक्टर आधी सीटसमोरच्या दांड्यावर बसले, ज्यावर पुरुषाने घाईने बसू नये, आणि मग नमस्कार करावा तसे हँडलवर वाकले. घंटी वाजली. एकदाच, स्वच्छ, टिंग. सिमेंटवर काहीतरी बारीक पांढरं पडलं. ते समोरच्या दाताचा कोपरा होता.

इतकी गोड घंटी मी पुन्हा ऐकली नाही.

बाई धावत चढ चढून आल्या. धावत, मित्रांनो, पट्टे न बांधता. त्यांनी आधी डॉक्टरांचं तोंड पाहिलं, मग हात पाहिले. मग काळजीने विचारलं, "गुडघा गेला का हो?"

"गुडघ्याचा काय संबंध?" डॉक्टर तोंडावर रुमाल धरून करवादले. 'स' म्हणताना मधून शीळ येत होती. "चेन सटकली पायाखालून. जोर दिला की सटकतेय ती. त्याला माणूस काय करणार?"

बाई उभ्या राहिल्या. काकूंच्या हातातलं ओलं कापड तसंच ठिबकत राहिलं.

"मग माझ्या पायाखालून काय सटकत होतं?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी रुमाल खाली घेतला. ते आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. भावाला त्या वेळी एकही व्हिडिओ आठवला नाही. तो म्हणाला, ताई, मी नंतर येतो. बाई म्हणाल्या, नको येऊस.

दात दुरुस्त करायला डॉक्टरांना समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या दंतवैद्याकडे जावं लागलं, ज्यांचा विषय आमच्या घरात निघत नसे. स्वतःचा दात स्वतःला भरता येत नाही, हे त्यांनी आरशासमोर दोन दिवस प्रयत्न करून सिद्ध केलं होतं. त्या गृहस्थांनी म्हणे सगळी अवजारं तोंडात घातली आणि मग सावकाश विचारलं, हे झालं कसं? मग थोडं थांबून विचारलं, ब्रश करता ना नियमित? मग जाता जाता सांगितलं, समोरचे दात जरा मागेपुढे आहेत, सरळ करून घ्या. हे सगळं डॉक्टरांनी बाल्कनीत बसून बाईंना सांगितलं. सूड म्हणून घ्यायचा तो कसा, हे मला त्या माणसाकडून शिकावंसं वाटलं.

बाईंनी आठवडाभर फोनवर वाचलं, नकाशा वाचावा तसं, बोट ठेवून. पुढच्या शनिवारी वर्तमानपत्रं त्यांनी पसरली. हातमोजे त्यांनी घातले, दिवा त्यांच्या कपाळावर. डॉक्टर चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले. बाईंनी मला पेडलपाशी असलेल्या पुढच्या चकतीवरून दोन बोटांनी ओढलं. चांगली चेन अशी ओढली तर दात्यांना चिकटून राहते. मी झुलत वर आले आणि माझ्याखालून पलीकडच्या कुंड्या दिसल्या. "हं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी नव्या जुडग्याचं खोकं उघडलं आणि चकती उजेडात धरून फिरवली. आखूड दाते होते. वळलेले होते. एकाची कड तासलेली होती.

डॉक्टर पुढे वाकले. बराच वेळ मोजत असावेत. "हेही..." त्यांनी सुरुवात केली.

"मुद्दाम असतात तसे," बाई म्हणाल्या. "पक्कड द्या."

दवाखान्यातले ते दोन फोटो पुढे दुसऱ्या दिवशी उतरले म्हणे, पण डॉक्टरांनी मुकाट पक्कड दिली ती तेव्हाच. माझा अर्धा सूड असा पुरा झाला, आणि पुरा झाल्याचा आनंद मला जेमतेम मिनिटभर मिळाला. कारण पुढच्या मिनिटाला बाईंनी अवजाराने माझी एक पिन बाहेर ढकलली आणि मी खाली ओघळले. आळ गुडघ्यांवरून उठला तो माझ्यावर आला, आणि तो आळ नव्हता, खरंच होतं. नव्या जुडग्यावर जुनी चेन घालायची नसते. तिने त्यालाही बिघडवलं असतं. माझ्या जागी आली एक नवी, तेलाने निथळणारी पोर. तिला घातलं तेव्हा नवे दाते तिला जागा देत होते. माझं सासर रद्दीच्या पिशवीत खुळखुळत होतं, आणि मी बाल्कनीच्या भिंतीवरच्या खिळ्यावर होते. त्या पोरीशीही माझं वैर आहे. तिने माझं काही वाकडं केलेलं नाही, पण यादीत नाव असलेलं बरं.

मी टेकडीवर गेले नाही. काय झालं ते मला कोण सांगणार? रविवारी बाई उशिरा परतल्या. डॉक्टरांनी आतून विचारलं, काय झालं गं? त्या आधी पाणी प्यायल्या. मग बाल्कनीत येऊन बूट काढले आणि नेहमीसारखे भिंतीला टेकवून आडवे ठेवले.

उजव्याचा तळ स्वच्छ होता. डाव्याच्या तळाला कातळाची काळपट धूळ होती. तांबडी माती कुठेच नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनीही बुटांकडे पाहिलं, पण त्यांना वाचता आलं नाही. बूट वाचायला आम्हा जुन्यांची नजर लागते. बाईंनी मग स्वतःच सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी वरच्या मजल्यावरचे तास परत मागून घेतले.

मित्रांनो, आता बोध. सायकल फिरवून आलात की चेन कोरड्या फडक्यातून फिरवून काढा. रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडा आणि थोड्या वेळाने वरचं सगळं पुसून टाका. तेल आत कामाचं, बाहेर ते फक्त धूळ गोळा करतं. चमकणाऱ्या चेनवर विश्वास ठेवू नका, ओढून बघा. कारखान्याने वाकडं केलेलं सरळ करायला जाऊ नका. आणि कोणी चढावर थांबलं, तर आधी चेन बघा, मग त्याचं वय काढा.

राहता राहिला उरलेला अर्धा सूड. मला टाकून देणं डॉक्टरांच्या जिवावर आलं. त्यांचा स्वभाव प्रेमळ आहे, हे मी सांगितलंच. त्यांनी मला या हुकाला अडकवून ही कुंडी टांगली आणि रोज सकाळी ते स्वतः पाणी घालायला येतात. पाणी वरून घालतात. ते माझ्या अंगावरून ओघळतं, पिनांपाशी थांबतं, आणि मी एकेका कडीने गंजते आहे. गंजू दे. मी मोजते आहे. वरून तिसरी कडी आता पुरती कमकुवत झाली आहे. ती तुटेल, आणि डॉक्टर पाणी घालताना नेमके जिथे उभे राहतात तिथे, त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर ही कुंडी पडेल. तो दिवस दूर नाही. त्या दिवशी चेनचं घराणं काय चीज असतं ते जगाला कळेल.

तोवर त्यांना कोणी भेटलं तर एवढं सांगा, पाणी जरा मुळाशी घाला म्हणावं. सकाळचं फार गार लागतं.